योजनेचा नारळ

भाईंदरच्या त्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात कुणाला औषधपाणी लागलं की हितेशशेठ आधी कटकट करायचे, मग ड्रॉवर उघडून पैसे द्यायचे. एचआरमध्ये नव्याने आलेल्या कौस्तुभला हे फारच गावठी वाटलं. त्याने शेठना पटवलं, सल्लागार आणला आणि ‘कर्मचारी कल्याण योजना’ सोनेरी अक्षरांत रीतसर लिहून, छापून घेतली. उद्घाटनाचा नारळ सगळ्यात जुन्या कामगार म्हणून मोरव्याच्या इंदुबाईंच्या हस्ते फोडायचं ठरलं. त्यांच्या चष्म्याची एक काच फुटलेली होती, त्यामुळे नारळ सल्लागाराच्या बुटावर फुटला. सगळे हसले, सल्लागार सोडून.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई कौस्तुभच्या टेबलाशी आल्या.

“साहेब, चष्मा करायचा हाय.”

“मावशी, आता सगळं योजनेतूनच मिळणार. फक्त या वर्षी नाही.”

“का?”

“या वर्षीचे पैसे योजना लिहून घेण्यात संपले.”

“मंग शेठचा ड्रॉवर?”

“तो बंद केला ना. योजना आली म्हणून.”

इंदुबाईंनी टेबलावरची योजना उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरून पाहिली आणि अलगद त्याच्यासमोर ठेवली.

“लय देखणी झालीय. काय लिवलाय त्यात, वाचून दाव जरा पोरा. मना न्हाय दिसत.”

कौस्तुभने पान उघडलं. पहिलंच कलम मोफत चष्म्याचं होतं.

त्याने दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात केली.