कोरडे पाय

"अहो, आत्ताच पुसलंय! उमटवलीत ना पावलं?" नारकरांच्या तळपायांना सदा घाम, त्यामुळे बायको रोज ओरडायची. तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून बसा, हा धोशाही रोजचाच.

ती वारल्यावर फरशी पुसणं नारकरांकडे आलं. स्वतःचीच पावलं पुसून कंबर धरली, तेव्हा मुकाट्याने तुरटी आणली. संध्याकाळी टबात पाय सोडून बसू लागले.

आज पुसलेली फरशी वाळल्यावर ते दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अनवाणी चालत गेले आणि वळून पाहिलं. एकही पाऊल उमटलं नव्हतं. घरात कुणी राहतच नसावं, तशी फरशी चकाकत होती.

नारकर टबात जाऊन उभे राहिले. मग ओल्या पायांनी घरभर फिरले, आणि कान देऊन थांबले.