भिंतीवरची दोन नावं

साल १९८७. दिवाळी तोंडावर आली होती, आणि बोरीच्या एस्टी स्टँडच्या भिंतीवर सकाळी कोळशानं लिहिलेलं दिसलं: सगुणा सूर्यभान. खाली बदाम, बदामातून बाण. त्याखाली आश्रुबा व्यंकटराव. अक्षरं ठळक, वळणदार, रंगाऱ्यानं काढावीत तशी.

सगुणा दहावीला होती. शाळेच्या दारातल्या गुणवंतांच्या फळ्यावर तिचं नाव सगळ्यांत वर रंगवलेलं. तिची आई कडूबाई अंगठेबहाद्दर. बाजाराला आली की त्या फळ्यापाशी थांबायची, ‘वरून पयलं माज्या लेकीचं’ म्हणत अक्षरांवरून बोट फिरवायची. पोरं फिदीफिदी हसायची.

सगुणानं ओल्या पोत्यानं भिंत घासली. दुसऱ्या दिवशी नावं परत तिथंच. तिसऱ्यांदा घासताना तिच्या बोटांची सालं निघाली. त्याच भिंतीवर नामांतराच्या घोषणा उमटल्या की ग्रामपंचायत तासाभरात चुना मारायची. पोरीच्या नावासाठी कुणाकडे चुना नव्हता.

मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. पालमच्या पाहुण्यांशी सुपारी फुटली होती. मार्चमधल्या परीक्षेपर्यंत थांबा म्हणून तिनं बापाचे पाय धरले, तर सूर्यभान म्हणाला, पाव्हण्यांना भाकरी येणारी पाहिजे, शिकलेली नको. शाळा तर गेलीच होती. निदान नाव तरी स्वच्छ न्यावं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं, आणि तेही कुणीतरी रोज काळं करत होतं.

पहाटे टमरेल घेऊन जाणाऱ्या बायांना विचारून झालं. सगळ्यांच्या आधी कडूबाईच जायची. तीही म्हणाली, कुणी दिसलं नाही.

सगुणाला कुणी दिसायची गरज नव्हती. दर परीक्षेत तिच्यामागे राहून, फळ्यावरही तिच्याच खाली नाव लागलं म्हणून दात खाणारा एकच होता. जिंतूरच्या गाडीची वाट बघत माणसं उभी होती, त्यांच्यात घुसून तिनं आश्रुबाची गचांडी धरली आणि पायातली चप्पल काढली.

“मी असतो तर बापाचं नाव कशाला लिवलं असतं?” तो म्हणाला. “अण्णानं चाबकानं फोडलंय मला. पाठ बघ.”

“मला शानपना शिकवायलास का?” म्हणत तिनं आणखी एक दिली.

बातमी एस्टीनंच पालमला पोचली. पाहुण्यांनी लग्न मोडलं. सूर्यभान दप्तर चुलीत घालायला निघाला, तेव्हा कडूबाई चुलीपुढं आडवी आली.

“आता हिला कोन करून घेतंय? घरात ठिवून काय लोनचं घालायचं हाय? शिकू द्या. मास्तरीन झाली तर सोताचं पोट तरी भरंल.”

सूर्यभाननं दप्तर खाली टाकलं. त्यानंतर भिंतीवरही पुन्हा काही उमटलं नाही.

सगुणा मार्चची परीक्षा पास झाली. डी.एड. करून मास्तरीण झाली. सूर्यभान ‘शाळेतली बाई माझी लेक’ असं चावडीवर सांगत सांगतच वारला. आश्रुबानं त्याच वर्षी शाळा सोडली आणि स्टँडसमोर सायकलीचं दुकान टाकलं. सगुणाबाई समोरून आली की तो मान खाली घालायचा. ती थुंकायची.

१९९३ साली गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. शिकवायला सगुणाबाईच होती. पहिल्याच दिवशी, एकही अक्षर शिकवण्याआधी, तिनं आईच्या हातात खडू दिला.

“माय, यील तशी एक रेघ वढ.”

कडूबाईनं पदरानं फळा पुसला. ठळक, वळणदार अक्षरांत तिनं लेकीचं नाव काढलं, बापाच्या नावासकट. आणि मग, लेकीकडं न बघता, त्याखाली आश्रुबा व्यंकटराव.