दोन सेकंदांचे काजवे

काजवे पेटले, विझले, पुन्हा पेटले. अश्लेषाने मनात मोजलं. दोन सेकंद. तिने परत मोजून पाहिलं. दोनच.

कोबेत राहत असताना तिने असेच पाहिले होते. जपानच्या पश्चिमेकडचे काजवे दर दोन सेकंदांनी लुकलुकतात, इकडचे, पूर्वेचे, चार सेकंदांनी. इचिकावाच्या या ओढ्यातले तर तिच्या डोळ्यांदेखत वाढलेले. तीन उन्हाळे वसाहतीतल्या मुलांना घेऊन तिने ओढ्यातला कचरा काढला होता, अळ्यांचं खाणं असलेल्या गोगलगायी जपल्या होत्या.

झुडपामागे थर्माकोलच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या. वसाहत समितीचे अध्यक्ष नोगुची-सान त्यांच्यावर ताडपत्री ओढत होते.

"हे पश्चिमेकडून मागवलेत, नोगुची-सान," ती जपानीत म्हणाली.

"यंदा आपले कमी निघाले. पाहुण्यांना उजेड बघायचाय, काजव्यांचे पासपोर्ट नाही."

"हे इथल्यांत मिसळले, की इथले म्हणून काही उरणारच नाही!"

"ते पुढचं पुढे." त्यांनी माइक तिच्या हातात दिला. "तुमच्या लोकांना सांगा, आपल्याच ओढ्यातले आहेत. मुलांच्या मेहनतीचं फळ."

म्हणजे खोटं बोलायचं, तेही मुलांच्या नावावर. अश्लेषाचे कान तापले.

काजवे बघायला कठड्यापाशी मराठी मंडळी जमली होती, मुलं पुढे. जपानी शेजारी त्यांच्या मागे. तिने माइक तोंडाशी धरला आणि मराठीत सांगितलं, "हे काजवे आपले नाहीत. पेट्यांतून विकत आणून आज सोडलेत. मुलांनी वाढवले असं तुम्हाला सांग म्हणाले. मी सांगणार नाही."

कुजबुज झाली. "अगं, चालायचंच," बँकेतले बाळासाहेब म्हणाले. "आपल्यालाही बँकेने इथे आणूनच सोडलंय की!"

"तुम्हाला विचारून आणलं, काका. आणि परतीचं तिकीट देऊन."

बाळासाहेब चष्मा काढून उगाच पुसत बसले.

नोगुची-सानना मराठी येत नव्हतं. भाषण संपलंसं पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात सात वर्षांची नंदिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओढा साफ करणाऱ्यांत सगळ्यात लहान तीच. इथेच वाढलेली, मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जपानीत. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "नोगुची-सान, हे विकत आणलेत?"

मागच्या रांगांमधलं जपानी शेजाऱ्यांचं कौतुक एकदम थांबलं.

नोगुची-सान सरळ झाले. हसले.

नंदिनी कठड्यावरून ओढ्यात वाकली. बराच वेळ काळोखात शोधत राहिली.

"मग यातले आमचे कोणते?"