सही करूनच बसा

धनतेरसची दुपार. जांभळं स्टॅम्पपॅड. पत्त्यांचे दोन कॅट. हिंदी मुलखातल्या नानाखेड्यातल्या एका सोसायटीचं क्लबहाउस.

स्टॅम्पपॅड सचिव यज्ञेश्वरकाकांचं. सरकारी कचेरीतून रिटायर झाले, तरी लेखी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"पैसे लावून खेळायचं तर रजिस्टरमध्ये आधी सही करा. 'जुगार स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे.' उद्या केस झाली तर माझं नाव नको यायला."

"काका, दिवाळीत कसली केस?" देवश्री हसली.

"तुझ्या घरात खेळ, मी विचारणार नाही. ही सगळ्यांची जागा आहे."

बारा जणांनी सह्या केल्या.

तासाभराने दारात हवालदार उभा. पत्ते भराभर गाद्यांखाली गेले. काका मात्र रजिस्टर घेऊन शांतपणे पुढे झाले.

"साहब, जुआ ये लोग खेल रहे हैं. सोसायटी का कोई लेना-देना नहीं. सबकी सही है, देख लो."

हवालदाराने सावकाश वाचलं.

"और हॉल किसने दिया, बाबूजी?"

"मैंने. ये मेरी सही, ये ठप्पा."

"तो पहला नाम आपका लिख लेता हूँ."



हवालदार सोसायटीत आला होता तो काकांच्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी.