लघुग्रहाचं बारसं

‘बाबुराव’ एवढं टाइप करून शिवानीचा हात थांबला. खालचा रकाना रिकामा होता. ज्या व्यक्तीचं नाव देताय तिची दोन-तीन ओळींत माहिती द्या, असं त्यावर लिहिलं होतं. दिवसभर कल्याणच्या कॉलेजात उभं राहून शिकवून आलेल्या बाईला दोन ओळीसुद्धा जड जातात.

नऊ वर्षांपूर्वी परदेशातल्या एका दुर्बिणीचे फोटो एकामागून एक तपासताना तिला एक ठिपका सरकलेला दिसला होता. मंगळ आणि गुरू यांच्या मधला लघुग्रह. टिटवाळा स्टेशनपासून गणपतीच्या देवळापर्यंत पुरेल, एवढाच. त्याची कक्षा पक्की व्हायला इतकी वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्याला क्रमांक मिळाला आणि मेल आली, आता नाव सुचवा.

घरात नावाचा निकाल तिच्या आधीच लागला होता. सर्वेशने, तिच्या नवऱ्याने, वडिलांचं नाव ठरवून टाकलं. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. तिथे सगळ्या नातेवाइकांना सांगायचं, असा त्याचा बेत. वाद घालायचं त्राण शिवानीत उरलं नव्हतं. शिवाय बाबुराव वाईट नव्हते. कोलशेतच्या कंपनीत तेहेतीस वर्षं पाळ्या करून त्यांनी संसार उभा केला. आकाशाकडे मात्र ते गच्चीवर पापड वाळत घातले की तेवढे बघायचे.

समोर सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या.

“आई, बाबांबद्दल दोन ओळी सांगा ना. फॉर्म पाठवून मोकळी होते एकदाची.”

“लिही तुला सुचेल ते.” मग त्यांनी विचारलं, “कुठलंही नाव चालतं का गं तिथे?”

शिवानीने कंटाळत नियम वाचून दाखवले. नाव छोटं हवं. पाळीव प्राण्याचं नको. “आणि आधी कुणाला दिलेलं नको. एका नावाचे दोन चालत नाहीत.”

“आमच्याकडेही हाच नियम होता,” सासूबाई म्हणाल्या.

शिवानीने मान वर केली.

“मी शेवंती. थोरल्या जाऊबाईही शेवंती. घरात दोन शेवंत्या कशा चालतील? म्हणून लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘माया’ लिहिलं. मग मी माया.”

“तुम्हाला विचारलं नाही?”

“कुणाला विचारायचे तेव्हा!”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याचंच शिवानीला जास्त वाईट वाटलं. बारा वर्षं या बाईच्या हातचं जेवून आपण तिला तिचं नावही विचारलं नाही, याची तिला लाज वाटली.

तिने लघुग्रहांच्या नावांची यादी उघडली. शोधलं. खात्रीसाठी स्पेलिंग बदलून पुन्हा शोधलं.

“आई, तिथे शेवंती नाही. एकही नाही.”

सासूबाईंचे हात थांबले. “सर्वेशला काय सांगशील? त्याने सगळीकडे बोलून ठेवलंय.”

“त्याचं मी बघते. लघुग्रह मला सापडलाय, त्याला नाही.”

तिने ‘बाबुराव’ पुसलं आणि नवं नाव टाइप केलं. सासूबाई जवळ येऊन पडद्याकडे बघत राहिल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना लागत नव्हती, तरी बघत राहिल्या.

“आता हिची माहिती सांगा,” शिवानी म्हणाली. “काय लिहू?”

सासूबाई परत जागेवर बसल्या आणि त्यांनी सोललेले वाल ओंजळीत घेतले.

“लिही, अठरा वर्षांची होती. गावच्या नदीत पोरांच्याही पुढे पोहत जायची.” त्यांनी ओंजळीतले वाल पातेल्यात टाकले. “पुढे तिचं काय झालं, ते मला माहीत नाही.”