इरासीचं नाक

"उणे पॉइंट ब्याण्णव," इरासी म्हणाली आणि तिने केबिनचं दार लावून घेतलं.

कॉफी सहकारी संस्थेचे चेअरमन क्लेओदोमिरो पोटावर हात ठेवून बसले होते. अल्सरमुळे डॉक्टरांनी त्यांची कॉफी बंद केली होती. त्यामुळे ब्राझीलच्या या दक्षिण मिनास भागात कॉफीबाबत निःपक्षपाती असे ते एकटेच.

"म्हणजे पास की नापास?"

"साहेब, माझं कॉफी हुंगणारं यंत्र आणि आपले चव घेणारे सेउ बेलार्मिनो यांचे निकाल किती जुळतात ते मोजलंय. पूर्ण जुळले तर एक. नाणं उडवून दिले तर शून्य. दर वेळी उलट, तर उणे एक."

"सरळ टक्के काढ की."

"बहुतेक पोती चांगलीच असतात. पोपटाला 'चांगली, चांगली' एवढंच शिकवलं, तरी तो नव्वद टक्के मिळवेल. या आकड्यापुढे पोपट टिकत नाही."

चेअरमननी काचेतून खाली पाहिलं. चव-खोलीत म्हातारे बेलार्मिनो, ज्यांना सगळे आदराने 'सेउ' म्हणत, चमचा फुर्रकन ओढत होते, थुंकत होते, निकाल देत होते. चांगली ती 'मऊ'. टिंक्चर आयोडीनचा वास मारते ती 'रिओ', ती बाजूला. उभा जन्म हेच केलं होतं त्यांनी.

"जीभ गेली असेल बिचाऱ्याची."

"गेली असती तर शून्य आलं असतं," इरासी हळूच म्हणाली. "अडाणी माणूससुद्धा कधीतरी चुकून बरोबर सांगतो. हे चुकूनही सांगत नाहीत. त्यासाठी बरोबर काय ते पक्कं माहीत लागतं."

चेअरमनचा हात पोटावरून निघाला. "कुणी फोडलाय त्याला?"

"परवा एका व्यापाऱ्याच्या माणसाशी गेटवर कुजबुजत होते. पायात नवे बूट आहेत."

"आणि तुझं यंत्र खरं कशावरून?"

"एकेक कप स्वतः चाखून शिकवलंय मी त्याला."

"मग झालं. कागद तयार करतो. घरही सोडावं लागेल त्याला. संस्थेचं आहे."

इरासी खाली आली तेव्हा बेलार्मिनो चमचा पुसत होते.

"काय गं पोरी, काय म्हणतंय तुझं विजेचं नाक? सर्दी नाही ना झाली त्याला?"

"बूट कुणी दिले, सेउ बेलार्मिनो?"

"जावयाने. एक नंबर लहान आहेत. लाच असती तर मापाची तरी मिळाली असती."

"आणि गेटवरचा माणूस?"

"त्याच्या बायकोला माझ्या बायकोची केकची कृती हवी होती. तेवढी मात्र मी दिली नाही."

इरासीला हसू आलं नाही. सराईत माणसं अशीच बोलतात. पण म्हाताऱ्याचं घर जाणार होतं. कितीही बिनसलं असलं तरी इथे कुणाला कॉफीवाचून निरोप देत नाहीत. तिने पिशवीतून डबा काढला, पाणी तापवलं, दोन कप भरले.

"आमच्या गावची आहे. आईने स्वतः वाळवून, भाजून पाठवलेली. घ्या. मी हिच्यावरच वाढले. चांगली कॉफी म्हणजे काय, तो पहिला धडा यंत्राला मी हिचाच दिला."

बेलार्मिनोंनी कप नाकाशी नेला, वास घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. मग, कामाच्या टेबलाशी बसून आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी घोट थुंकला नाही. गिळला.

"आईला नमस्कार सांग," ते म्हणाले.

इतक्यात कागद घेऊन चेअरमन आले आणि वास घेत दारातच थबकले.

"अरे, लागलं कुणाला? टिंक्चर कशाला काढलंय?"