एकट्यानं होणारं काम

"पेडल दाबायला घरी कोणी आहे का?" दुकानदारानं विचारलं.

"आई आहे ना," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर आलेय."

दुकानदारानं काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला तिन्ही चालतात, पण तऱ्हा तिन्हींच्या तीन. पहिली म्हणजे साधी रबरी नळी आणि बाटली. एकानं गाडीत बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, उघडायचं. दुसरी दाबाची मोठी बाटली, ब्रेक ऑइलच्या टाकीवर झाकणासारखी बसणारी. तिसरा पिस्तुलासारखा हातपंप. निपलला लावायचा आणि खटक खटक ओढत राहायचं.

"मोटरसायकल आणि कार, दोन्हीला चालायला हवं. बाबा दोन्ही घरीच करतात," ती म्हणाली. "आणि कुणाला हाक मारायची पाळी यायला नको."

"मग दाबाची बाटली बाद. तिचं झाकण मोटरसायकलला बसत नाही. पंप घे. पण घरात माणूस असताना पंप कशाला? नळीत भागेल की."

"तुम्ही आमची माणसं पाहिली नाहीत, काका."

घरात गेल्या उन्हाळ्यापासून अबोला होता. सगळे निरोप भिंगरीमार्फत जात. "आईला सांग, किल्ली सापडत नाहीये." "बाबांना सांग, नाकासमोर आहे." तीन खोल्यांचं घर, पण टपाल वाहून वाहून पोरीचे पाय दुखायचे. फक्त एखाद्या रविवारी कुणा शेजाऱ्याची कार अंगणात आली, की बाबा चाकाशी उकिडवे बसत, आई हात पुसत येऊन गाडीत बसे आणि पाऊण तास तीनच शब्द चालत. दाब. धर. सोड. आई आतून म्हणे, दाबलं. धरलं. सोडलं. तेवढं मात्र थेट, कारण तिथं मध्यस्थ चालत नाही. निपल बंद व्हायच्या आत पाय सुटला, की हवा परत आत.

आईचं तोंड त्या वेळी एरंडेल प्यायल्यासारखं असायचं. बाबा तर तिच्याकडे बघतही नसत. यातून दोघांची सुटका करायचीच, असं भिंगरीनं पक्कं ठरवलं होतं.

तिनं पंप घेतला.

रविवारी शेजारच्या मास्तरांची कार आली. भिंगरीनं पंप बाबांच्या हातात ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन छाती फुगवून उभी राहिली. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"चांगला आहे," ते म्हणाले. मग बॉनेट उघडून मागच्या चाकाशी जाऊन बसले.

बॉनेट उघडल्याचा आवाज आईनं आतून ऐकला असावा. ती हात पुसत आली आणि सवयीनं सरळ गाडीत जाऊन बसली. मागे काय चाललंय, ते तिला दिसत नव्हतं.

बाबांनी पंप ओढला. नळीत बुडबुडे आले. आणखी ओढला, आणखी आले. संपेचनात.

"याचं काही खरं दिसत नाही," बाबा म्हणाले. आवाजात वैताग असायला हवा होता, पण तो नव्हता. "जुनीच पद्धत बरी. असू दे, ती बसलीच आहे तर..."

"थांबा, बाबा. ते खोटे बुडबुडे आहेत," भिंगरी पुढे सरसावली. "निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा शिरते. थोडं ग्रीस लावायचं. मी विचारूनच आलेय सगळं."

बाबांनी हात पुढे करायच्या आधी तिनंच बोटानं ग्रीस फासलं, गोल, सफाईनं.

"ओढा आता."

बाबांनी ओढलं. दोन बुडबुडे. एक. मग पिवळ्या ऑइलची अखंड धार. भिंगरीला नाचावंसं वाटलं. बाबा त्या धारेकडे बघत राहिले, तळ गाठलेल्या विहिरीत बघावं तसे.

दुसरं चाक झालं. तिसरं झालं. आई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिनं एकदा आरशात पाहिलं, एकदा पायाकडे.

शेवटचं चाक तिच्या दाराला लागून. बाबा तिथं उकिडवे बसले, तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर. काच खाली होती. खटक, खटक, पंप चालला. आता आईलाही तो दिसला.

"भिंगरे," ती म्हणाली, "विचार त्यांना, माझं काही काम आहे का."

बाबांना ऐकू गेलं होतंच. ते निपल घट्ट करत होते. घट्ट झालेलं निपल पुन्हा घट्ट करत होते. भिंगरीला वाटलं, आता तरी ते मान वर करतील. दाब म्हणतील, उगाच, एकदा.

"सांग तिला," बाबा पान्याकडे बघत म्हणाले, "हे एकट्यानं होतं."

त्या निरोपाला टपाल लागलंच नाही; काच खाली होती.

आईनं पेडलवरचा पाय उचलला, खाली वाकून सीट मागे सरकवली, बाबांचे पाय मावतील इतकी, आणि उतरली.